डिसेंबरात ठिबकणारं गॅरेज: नाशिकमधल्या एका पत्र्याच्या छपराची साडेआठ हजारांत दुरुस्ती

पाथर्डी फाट्याच्या बाजूचं एक रो-हाउस. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून गाडीसाठी उतरतं छप्पर केलेलं, आत ११ फूट रुंद आणि १८ फूट लांब. वर पन्हाळी जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पत्रे, खाली बॉक्स पाइपच्या चार आडव्या ओळी, पत्रे जे-हुकने, म्हणजे पाइपात अडकणाऱ्या वाकड्या बोल्टने, आवळलेले. उतार घराकडून बाहेर, म्हणजे पश्चिमेकडे. पुढे रोलिंग शटर, मागे भिंत, बाहेरच्या बाजूला छातीपर्यंत वीट आणि त्यावर पत्राच.

तक्रार दोन वाक्यांत होती. पावसाळ्यात भिंतीलगत डबकं साचतं. आणि नोव्हेंबर संपत आला तसं पाऊस नसतानाही रोज सकाळी गाडीच्या टपावर थेंब पडलेले दिसतात. घरमालकांनी दोन्हीचा अर्थ एकच लावला होता, की छप्पर गेलं. जुलैत डांबर थापून झालं होतं. आता हातात दोन पर्याय होते: सगळे पत्रे बदलायचे, त्याचा अंदाज ३२ हजार, किंवा वरून 'केमिकल' मारून घ्यायचं, त्याचे १४ हजार. दोन्ही नाकारले, कारण तक्रारी दोन होत्या आणि त्यांची कारणंही दोन होती.

सकाळचे थेंब

नाशिकच्या हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असतं. पत्रा उघड्या आभाळाकडे उष्णता फेकतो आणि पहाटेपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी गार होतो. गॅरेजमधल्या हवेत ओल असेल तर ती पत्र्याच्या खालच्या अंगाला दव होऊन चिकटते. थेंब मोठे झाले की उतारावरून घरंगळतात आणि पहिला अडथळा भेटेल तिथून गळतात. तो अडथळा बहुतेक वेळा जे-हुकचा आकडा किंवा आडवा पाइप असतो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, बोल्टातूनच गळतंय.

खात्री करायची रीत साधी आहे. पहाटे टॉर्च घेऊन पत्र्याची खालची बाजू बघायची. दव असेल तर पूर्ण पत्र्यावर बारीक थेंबांची जाळी दिसते, हात फिरवला की पंजाएवढा पट्टा पुसला जातो. गळती असेल तर एका बिंदूपासून निघालेला ओघळ दिसतो आणि बाजूचा पत्रा कोरडा असतो. दुसरी खूण अशी की ढगाळ रात्रीनंतरच्या सकाळी दवाचं ठिबकणं थांबतं किंवा फार कमी होतं.

बरेच जण छपरावर रात्री ताडपत्री टाकून बघतात. ही चाचणी फसवी आहे. ताडपत्रीखाली पत्रा तेवढा गार होत नाही, त्यामुळे दव धरत नाही, सकाळी गाडी कोरडी सापडते आणि 'पाणी वरूनच येत होतं' हा गैरसमज आणखी पक्का होतो. त्यापेक्षा संशय असलेल्या चार बोल्टांच्या डोक्यांवर वरून चिकटपट्टी लावून ठेवावी. तरीही खाली थेंब दिसले तर तो बोल्ट निर्दोष.

इथे जाळी दिसली, आणि ओल कुठून येते तेही दिसलं. गाडी रोज संध्याकाळी आतच धुतली जायची, फरशीला उतार नसल्याने पाणी रात्रभर तिथेच, आणि कबुतरं येतात म्हणून वळचणीखालची फट थर्माकोलने ठासून बंद केलेली. उपाय: थर्माकोल काढून तिथे जाळी लावली, भिंतीच्या बाजूच्या दोन्ही टोकांना वर वीतभर फट उघडी ठेवली, म्हणजे हवा आरपार खेळेल, आणि गाडी धुणं सकाळवर नेलं. जाळीचे दोनशे रुपये. वरून कितीही भारी रसायन मारलं असतं तरी हे थेंब थांबले नसते, कारण पाणी पत्र्याच्या आतल्या अंगाला तयार होत होतं.

पावसाळ्यातली गळती डिसेंबरात कशी शोधायची

पाऊस नसताना गळती शोधण्याचा एक फायदा आहे: पाणी आपल्या हातात असतं. आधी भर दुपारी शटर ओढून आत पाच मिनिटं अंधारात उभं राहायचं. डोळे सरावले की छिद्रं उजेडाच्या टाचण्यांसारखी दिसतात. प्रत्येकाभोवती खडूने गोल करायचा. इथे तीन गंजछिद्रं आणि चुकून पन्हाळीत, म्हणजे पाणी वाहतं त्या खोलगट भागात मारलेले सहा जे-हुक सापडले. पन्हाळी पत्र्याचा बोल्ट नेहमी उंचवट्याच्या माथ्यावर बसला पाहिजे. पन्हाळीतला बोल्ट पाण्यात उभा असतो आणि त्याचा वॉशर दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही.

मग नळी. सुरुवात खालून, वळचणीपासून करायची. एका पट्ट्यावर दहा मिनिटं पाणी, आत एक माणूस खडू घेऊन, मग हातभर वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. नळीचं तोंड उताराच्या दिशेनेच ठेवायचं. सांध्यात उलटं पाणी मारलं तर नवं कोरं छप्परही गळेल. आत जिथे थेंब पडतो तिथे भोक असेलच असं नाही, पाणी पाइपच्या अंगाने तीन-चार फूट प्रवास करतं. थेंबापासून चढाच्या बाजूला मागोवा घ्यायचा.

या चाचणीत वळचणीकडचा पाच फुटांचा भाग जवळपास कोरडा राहिला. पहिली गळती मधल्या आडव्या सांध्याला आली आणि सगळ्यात मोठी भिंतीला.

मधला सांधा का गळत होता? छप्पर बाहेरच्या अंगाने १२ फूट, पण पत्रे दुसऱ्या कामातून उरलेले: खाली ८ फुटी, वर ४ फूट ४ इंची. म्हणजे एकमेकांवर चढ फक्त ४ इंच. भिंतीपासून बाहेरच्या पाइपपर्यंत ११ फुटांत उतार ७ इंच, साधारण १९ ला १, जेमतेम तीन अंश. चांगला उतार असेल तर ६ इंचांचा चढ पुरतो. इतक्या सपाट छपराला ८ इंच आणि शिवाय मध्ये सीलंट हवं. शिवाय नाशिकचा पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो आणि हे छप्पर नेमकं पश्चिमेकडे उतरतं, म्हणजे वारा पाण्याला उताराच्या उलट वर ढकलतो. वरचे पत्रे उचलल्यावर पुरावाच मिळाला: खालच्या पत्र्याच्या वरच्या टोकापासून जेमतेम इंचभर अलीकडे मातीची एक सरळ तपकिरी रेघ, पाणी दर पावसात जिथवर चढत होतं तिथली. रेघेच्या खाली पांढरट भुकटी, म्हणजे जस्त खाल्लं जात होतं, पण लोखंडाचा तांबूस गंज अजून नव्हता. एवढ्यावर पत्रा फेकायचं कारण नाही.

भिंतीचा सांधा सिमेंटचा कोबा भरून केलेला. पत्र्याच्या छपराला हा प्रकार कधीच टिकत नाही. १२ फूट पत्रा हिवाळ्यातल्या पहाटे ८-१० अंशांवर असतो, दुपारी उन्हात ५० च्या आसपास जातो. तेवढ्यात त्याची लांबी पावणेदोन मिलिमीटरने वाढते आणि रात्री पुन्हा घटते. सिमेंटला हे झेपत नाही, पहिल्याच वर्षी केसासारखी चीर पडते. डांबरही काही महिन्यांत ऊन खाऊन कडक होतं आणि तडकतं. जुलैत थापलेलं डांबर इथे नखाने सालासारखं निघालं. एम-सीलसारखी कडक होणारी पुट्टीही याच कारणाने हलत्या सांध्याला उपयोगाची नाही. ती टाकीच्या नळाला ठीक.

कामाचा क्रम आणि घड्याळ

डिसेंबर ते फेब्रुवारी हा नाशिकमध्ये या कामाचा खरा हंगाम. मात्र दिवसाचे मोजकेच तास कामाचे. घर पूर्वेला असल्याने या छपरावर ऊन बारानंतर पडतं आणि तोवर दव वाळत नाही. सीलंट, टेप, प्रायमर हे सगळं साडेबारा ते साडेतीन या वेळातच करायचं. ब्युटाइल टेप (रबरासारख्या मऊ, चिकट सीलंटची पट्टी) गार पत्र्यावर धरत नाही; पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. सकाळच्या वेळात तोडफोड, खाचा, कटाई उरकायची, पण छपरावर चढून नव्हे, कारण दवाने ओला पत्रा साबण लावल्यासारखा निसरडा असतो.

आणि उघडं छप्पर रात्री तसंच सोडायचं नाही. हिवाळ्यात पाऊस कुठला, असं नाशिककरांनी तरी म्हणू नये. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात गारांसह झालेला अवकाळी द्राक्षबागायतदार विसरलेले नाहीत. ताडपत्री आणि दोरी जवळ हवी.

चढण्याआधी दोन गोष्टी बघून घेतल्या. रस्त्याच्या बाजूने विजेची सर्व्हिस वायर छपरापासून तीन फुटांवर जात होती, म्हणून ॲल्युमिनियमची शिडी बाजूला ठेवून लाकडी वापरली. पत्र्यावर पाय थेट न ठेवता दोन पाइपांवर टेकेल अशी ९ इंच रुंद फळी टाकून तिच्यावरूनच हालचाल केली.

क्रम असा लागला: आधी भिंतीचा सिमेंट कोबा फोडायचा, कारण त्याने वरचे पत्रे अडकवून ठेवलेले असतात, मग मधला सांधा, मग बोल्ट, सगळ्यात शेवटी भिंतीचं फ्लॅशिंग, म्हणजे भिंत आणि छपराच्या सांध्यावर बसणारी पत्र्याची मोडलेली पट्टी. फॅब्रिकेटरला आधी फ्लॅशिंग करून मोकळं व्हायचं असतं, ते दिसायला छान दिसतं. पण मग सांधा उचलता येत नाही.

मधला सांधा

सांध्यावरचे आणि भिंतीकडचे जे-हुक सैल करून वरचा पत्रा लाकडी पाचरींवर इंचभर उचलला. आतली माती आधी कोरड्या ब्रशने, मग थिनरच्या फडक्याने पुसली. ओला फडका नको. पन्हाळीत ओल राहते. मग खालच्या पत्र्यावर ब्युटाइल सीलंटच्या दोन समांतर पट्ट्या, १० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड: एक बोल्टांच्या ओळीच्या वर, एक खाली. पट्टी ताणायची नाही, प्रत्येक पन्हाळीत बोटाने दाबत न्यायची. नाहीतर ती खोलगट भागावर पूल बांधते आणि नेमकं पाणी जिथे वाहतं तिथेच फट राहते. पन्हाळीच्या वळणामुळे १८ फुटांच्या रुंदीला प्रत्यक्षात २१ फूट पट्टी लागते. दोन ओळींना ४२ फूट, म्हणजे १३ मीटर. १० मीटरचे दोन रोल घेतले.

बहुतेक ठिकाणी याऐवजी सांध्याच्या बाहेरच्या, दिसणाऱ्या कडेला सिलिकॉनची रेघ मारली जाते. त्याने उलट नुकसान होतं. वाऱ्याने किंवा दवाने आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि सांधा आतून गंजतो. त्यात व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्यातलं आम्ल जस्त खातं. जीआय पत्र्याला न्यूट्रल (आम्ल नसलेलं) सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच.

वरचे आठ तुकडे बदलून ४ फूट १० इंचांचे टाकणं हाही पर्याय होता. चढ १० इंच झाला असता. पण त्याचे चार हजार आणि पाइपवरची सगळी भोकं नव्याने जुळवण्याचा खटाटोप. सांध्यात तांबूस गंज सापडला असता तर तेच केलं असतं.

बोल्ट

एकूण जे-हुक शंभरच्या घरात. सगळे बदलायची गरज नव्हती. ज्यांचे आटे शाबूत, त्यांचा फक्त वॉशर बदलला: खाली डांबरी वॉशर, वर जीआयचा वाटीसारखा वॉशर, मग नट. तीस हुक गंजून नटासकट एकजीव झालेले, ते कापून नवे ८ मिमीचे टाकले. इथे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारायचा मोह होतो, सातपूर-अंबडकडच्या फास्टनरच्या दुकानांत ते सुटेही मिळतात. पण साडेपाच मिलिमीटरचा स्क्रू जे-हुकच्या जुन्या ८ मिलिमीटरच्या भोकात पकड घेत नाही. नवं भोक पाडायचं म्हणजे जुनं वेगळं बुजवायचं, म्हणजे दुप्पट काम.

नट ग्राइंडरने कापताना ओलं गोणपाट पसरावं. ठिणग्या जस्त जाळतात, आणि लोखंडाचा चुरा पत्र्यावर पडून राहिला तर एका रात्रीच्या दवात प्रत्येक कण तांबूस ठिपका होतो. काम संपल्यावर त्याच दिवशी झाडून घ्यायचं. या छपरावर आधीच्या कामाचे असे ठिपके अर्ध्या पत्र्यावर होते.

आवळायचं किती? डांबरी वॉशर वाटीच्या कडेतून जरासा डोकावला की थांबायचं. जास्त आवळला की उंचवट्याचा माथा दबून बशी होते, त्यात पाणी साचतं आणि वॉशर कितीही नवा असला तरी ते झिरपतं. दुरुस्तीनंतरच्या पाणी-चाचणीत एकच बोल्ट गळला, तो अशाच बशीतला. हुक काढून माथा खालून लाकडी ठोकळ्याने ठोकून वर आणला आणि नवा वॉशर टाकला.

पन्हाळीतले सहा हुक काढून शेजारच्या माथ्यावर नेले. रिकामी भोकं आणि तीन गंजछिद्रं बुजवायला भोवतीचा पत्रा तारेच्या ब्रशने घासला, गंजावर रेड ऑक्साइड लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळू दिलं, मग ॲल्युमिनियम पाठीची २ इंची ब्युटाइल टेप. एक छिद्र बोटाएवढं होतं. तिथे ६ इंची जीआयचा तुकडा, कोपरे गोल कापलेले, खाली पीयू आणि चारी बाजूंनी रिव्हेट. कोपरे टोकदार ठेवले तर तिथूनच उचकटायला लागतं.

उभे सांधे सात. त्यांतल्या पाचांना दीड पन्हाळीचा चढ होता, ते सोडून दिले. दोन ठिकाणी कामगाराने माप जुळवायला एकाच पन्हाळीवर भागवलं होतं. त्यांच्या कडेवरून तीच टेप लावली, २४ फूट.

भिंत

सगळ्यात जास्त पाणी इथून येत होतं, म्हणून वेळही इथेच द्यायचा. पत्र्यापासून ६ इंचांवर प्लॅस्टरमध्ये ग्राइंडरने सरळ खाच मारली, इंचभर खोल. धूळ ब्रशने आणि फुंकणीने काढली. धुळीवर पीयू चिकटत नाही, दोन महिन्यांत पूर्ण पट्टी हातात येते.

फ्लॅशिंगचा हिशेब स्वस्तात बसतो. ८ बाय ४ फुटांचा २६ गेजचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा साधा जीआय पत्रा घ्यायचा, वजन पावणेबारा किलोच्या आसपास. त्याचे १६ इंच रुंदीचे तीन पट्टे: १ इंच खाचेत, ६ इंच भिंतीलगत खाली, ८ इंच छपरावर, शेवटचा इंच कडेला दुमडायला. तीन पट्टे मिळून २४ फूट होतात. १८ फुटांच्या भिंतीला ४-४ इंचांच्या चढासकट पुरून तुकडा उरतो. कटाई-मोडाई पत्र्याच्या प्रेसवर करून घ्यावी, हाताने मोडलेली घडी सरळ येत नाही.

फ्लॅशिंग फक्त भिंतीला धरायचं, छपराला स्क्रू मारायचा नाही. पत्रा खालून मोकळा सरकला पाहिजे, नाहीतर सिमेंटचं जे झालं तेच याचं होईल. वाऱ्याने फडफडू नये म्हणून छपरावरच्या घडीला थोडा खालच्या दिशेने ताण ठेवून मोडायचं. त्याआधी प्रत्येक पन्हाळीचं भिंतीकडचं टोक पक्कडीने सेंटिमीटरभर वर वळवलं. वाऱ्याने मागे ढकललेलं पाणी या बांधाला अडतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कामगार ते टाळतात, पण पश्चिमेच्या उतारावर भिंत गळायची थांबते ती निम्मी यामुळेच. फ्लॅशिंग आणि पन्हाळी यांच्यातल्या फटीत लाटेच्या आकाराच्या फोम पट्ट्या घातल्या नाहीत; हवा खेळण्यासाठी ती फट इथे हवीच होती.

खाच पीयूने भरली. खाचेच्या तोंडाशी १० मिमी रुंद आणि १५ मिमी खोल थराला १८ फुटांसाठी सव्वाआठशे मिलि लागतं, म्हणून ६०० मिलिच्या दोन नळ्या. उरलेलं फ्लॅशिंगच्या चढांमध्ये. पीयूला दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पक्कं होता येतं आणि थंडीत आणखी सावकाश. पाच दिवस पाणी मारलं नाही. वरून रंग त्यानंतर.

खर्च

दर दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील. वॉशर-नट ६०० रुपये, नवे जे-हुक ४५०, जीआय पत्रा आणि मोडाई १,३००, पीयू ८००, ब्युटाइल पट्टी ५००, ॲल्युमिनियम टेप ६००, रेड ऑक्साइड आणि ब्रश २५०, कटिंग व्हील, थिनर, फडकी २००, जाळी २००. फॅब्रिकेटर आणि हेल्पर दोन दिवस, ३,६००. एकूण ८,५००. टेप आणि पीयूमध्ये काटकसर करू नये. वाचवायचंच असेल तर वॉशर बदलण्याचं काम घरच्या घरी होतं, त्यात अर्ध्या दिवसाची मजुरी सुटते.

सहाव्या दिवशी पुन्हा खालून वर नळी लावली, भिंतीपाशी वीस मिनिटं. दबलेला तो एक बोल्ट सोडला तर आतून सगळं कोरडं.

हीच पद्धत सिमेंटच्या पत्र्यांना जशीच्या तशी लावू नये. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्यावर ग्राइंडर, कोरडा ब्रश किंवा ड्रिल चालवला की त्याचे तंतू श्वासात जातात. शिवाय तो पत्रा माणसाचं वजन कधी सोडेल याचा भरवसा नाही, फळी टाकूनही नाही. तिथे शिडीवरून हात पोहोचेल तेवढंच, पत्रा ओला करून, वॉशर बदलण्यापुरतं काम करावं. छपरात उजेडासाठी घातलेला फायबरचा पत्रा असेल तर छपरावर चढण्याआधी त्याच्यावर खालूनच खडूने मोठी फुली मारून ठेवावी आणि वरही चारी कोपऱ्यांना विटा ठेवाव्यात. धूळ बसली की तो बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसतो.